दादांची एक, ह्यांच्या दोन

पाटोद्याच्या बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, परकर. बाई साडी घेऊन येते, मी पदराचं टोक दारातल्या उजेडात धरते आणि मागच्या फडताळातून बरोबर तेच कापड काढते. एकट्या पिवळ्याचेच माझ्याकडे इतके प्रकार आहेत की गिऱ्हाईक बावचळतं: लिंबू, हळदी, शेवंती, मोहरी, आमरस. ट्यूबच्या उजेडात पिवळा रंग कळत नाही, त्याला दिवसाचाच उजेड लागतो. ही गोष्ट मी धंद्यात शिकले आणि नवऱ्यावर वापरली. रोज सकाळी मी ह्यांना उंबऱ्यात उभं करायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि डोळ्याचं पांढरं पांढरंच आहे ना ते बघायची.

"बकऱ्याला बघत्यात तसं बघायलीस," हे म्हणायचे.

"बकऱ्याला बाजारात एकदाच बघत्यात. तुमाला रोज बघावं लागतंय," मी म्हणायची.

आम्ही हसायचो. पण पापणी ओढून डोळा दिसेपर्यंतच्या त्या घटकेत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. डोळा पांढरा दिसला की एक दिवस मिळाला, असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही भीती मला मधल्या दिरांनी दिली. आमच्या घरात तिघे भाऊ. थोरले, ज्यांना सगळे दादा म्हणतात, मग मधले, मग आमचे हे, धाकटे. सासरे लवकर गेले. दादांनी स्वतःचं लग्न केलं नाही, शेत सांभाळलं आणि दोघा भावांना बापासारखं वाढवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मधले चांगले धडधाकट होते. नंतर त्यांचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. गाव म्हणालं, कावीळ आहे, उतरवून आणा. उतरवून आणली. पथ्य केलं, तेल-तिखट सोडलं, काय सांगाल ते केलं. एका दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली. हाताशी घमेलं होतं ते मीच पुढे केलं. ते भरलं. जीप बीडला पोहोचायच्या आत सगळं संपलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या घमेल्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ते मी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

बीडच्या डॉक्टरांनी सगळ्या घराचं रक्त तपासायला लावलं. सासूबाईंच्या, दादांच्या आणि ह्यांच्या रक्तात हेपॅटायटिस बी निघाला. मी आणि माझी मुलगी सुटलो, आम्हाला लस टोचली. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणातच आईकडून लेकराला जातो आणि वर्षानुवर्षं काही न बोलता लिव्हरमध्ये बसून राहतो. सासूबाईंच्या अंगात तो झोपलेला होता. लेकांच्या अंगात जागा होता. सासूबाई घरी आल्या आणि चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "म्या पोरांला इखच पाजलं का गं?"

"न्हाई आत्याबाई. त्यात तुमचा काय दोष?"

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्या दोन्ही लेकांकडे बघताना अशा बघायच्या, की उद्या त्यांना कुणी तरी न्यायलाच येणार आहे.

पहिली काही वर्षं दोघा भावांना एकच गोळी होती, लॅमिव्यूडिन नावाची. तिनं गुण आला. मग हळूहळू रिपोर्ट बिघडायला लागले. डॉक्टरांनी तिच्या जोडीला दुसरी दिली, अडेफोव्हिर. तिनं दादांच्या किडन्यांना त्रास झाला आणि ह्यांचा विषाणू तर तिलाही जुमानेना. शेवटी बीडच्याच डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्हाला संभाजीनगरच्या एका लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाई फटाफट बोलणाऱ्या, पण कुणाला खाली मान घालायला न लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "विषाणूला जुन्या गोळीची सवय झाली आहे. तो तिच्यातून वाट काढायला शिकलाय. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नवी, जोरदार अशी एकच गोळी. दुसरा म्हणजे दोन गोळ्यांची जोडी. खरं सांगायचं तर बहुतेकांना एकच पुरते. एक दिली काय आणि दोन दिल्या काय, फार फरक पडत नाही."

त्यांनी ह्यांना दोन लिहून दिल्या. दादांना एक.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "फरक पडत न्हाई म्हणता, मग ह्यांला दोन कावून?"

त्या हसल्या. मग कागदावर लिव्हरचं चित्र काढून समजावून सांगितलं. ह्यांच्या रक्तात विषाणू फार होता आणि लिव्हर कडक व्हायला लागलं होतं, तिथं त्यांना धोका पत्करायचा नव्हता. म्हणून टेनोफोव्हिरची मोठी गोळी आणि तिच्यासोबत एन्टेकॅव्हिरची बारकी. दादांच्या किडन्या आधीच दुखावलेल्या, त्यांना ती मोठी गोळी सोसली नसती. म्हणून त्याच औषधाचा किडनीला कमी त्रास देणारा प्रकार, एवढीशी गोळी, एकटीच. "कुणाला जास्त, कुणाला कमी असं काही नाही. ज्याचं त्याला," बाई म्हणाल्या.

मला पटलं. दादांनीही मान हलवली. मला वाटलं, त्यांनाही पटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळ्या तळहातावर घेऊन बघितल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्या डोळ्यांपेक्षा बोटांनीच बघतात. ह्यांची मोठी गोळी पावट्याच्या दाण्याएवढी. दादांची ज्वारीच्या दाण्याहून जराशीच मोठी. सासूबाईंनी ती बोटांत फिरवली आणि विचारलं, "थोरल्याला एवढीच?"

"त्यांना तेवढीच लागती आत्याबाई."

"अन् धाकट्याला दोन?"

मी लिव्हर, किडनी सगळं पुन्हा सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा अंगठा त्या बारक्या गोळीवरच फिरत होता. आमच्या घरात एक रीत होती, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. ताटात काहीही येवो, भावाभावांत सारखं वाटायचं. पुरणपोळी उरली एक, तर तिचे आधी तीन भाग, मधले गेल्यावर दोन. आंबा एक, तर एकाला एक फोड आणि दुसऱ्याला दुसरी, कोय दादा चोखणार कारण ते थोरले. हे आणि दादा तेव्हाही शेजारी शेजारी बसून जेवायचे. मला ही रीत फार आवडायची. माझ्या माहेरी भावाभावांनी बांधावरून डोकी फोडली होती, त्यामुळे सासरी आल्यावर मला हे घर देवघरासारखं वाटलं होतं.

सकाळची बारकी गोळी ह्यांना उपाशीपोटी घ्यायची होती आणि त्यानंतर दोन तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. चहासुद्धा नाही. ह्यांचं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे आणि चहाशिवाय त्यांचा हात चालत नाही. सकाळी उठल्यापासून हे असे तोंड करून बसायचे की बघणाऱ्याला वाटावं घरात कुणी वारलंय. मोठी गोळी मात्र संध्याकाळी जेवणानंतर. दादांचीही तेव्हाच. दोघे जेवायला बसले की मी गोळ्या ताटाच्या कडेला ठेवायची, वाढायची, आणि शेवटी ताक आणायला आत जायची. बाहेर येईपर्यंत गोळ्या ताटावरून गेलेल्या असायच्या. मला हायसं वाटायचं.

पावसाळा गेला. दादांच्या पायांवर सूज दिसायला लागली. त्या दिवसांत शेतात कापूस वेचणं चाललं होतं, दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. ह्यांचे डोळे पांढरे होते. मी रोज बघत होते. मग तपासणीची वेळ आली आणि आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो.

बाईंनी दोघांचे रिपोर्ट बघितले आणि पहिल्यांदाच त्या फटाफट बोलल्या नाहीत. दादांची किडनी बिघडली होती. ह्यांचा विषाणू कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता.

"गोळ्या रोज घेता?"

"घ्यायलो ना," हे म्हणाले.

"रोज? एकही दिवस चुकवत नाही?"

"मी सोता देते ताटात," मी म्हणाले. "डोळ्यादेखत."

बाईंनी जुने रिपोर्ट काढून नव्यांशी ताडून बघितले. मग म्हणाल्या, "तसं असेल तर मला काळजी वाटते. ह्या जोडीलाही विषाणू दाद देत नसेल, तर पुढं माझ्याकडे फार काही उरत नाही." त्यांनी आणखी एक तपासणी लिहून दिली.

परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसले होते आणि गेवराई कधी मागे पडलं मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते घमेलं होतं. मी मनात ह्यांना त्याच्यावर वाकलेलं बघत होते आणि तो विचार झटकला तरी पुन्हा येत होता. हे शेजारी बसून शेंगा खात होते, टरफलं रुमालात गोळा करत होते. मला एवढा राग आला की वाटलं ती सगळी टरफलं ह्यांच्या डोक्यावर ओतावीत. ज्याचं मरण समोर उभं आहे तो माणूस शेंगा खातो कसा? मग वाटलं, बिचाऱ्याला धीर धरायचा असेल. मी माझ्या वाट्याच्या शेंगाही ह्यांनाच दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे जेवायला बसले. मी गोळ्या ठेवल्या, ताक आणायला आत वळले आणि दारातच थांबले. मिठाची वाटी विसरले होते, म्हणून मान वळवली. तेव्हा मी बघितलं. ह्यांनी ताटाच्या कडेची मोठी गोळी उचलली, भाकरीच्या तुकड्याखाली धरली आणि तो तुकडा दादांच्या ताटात सरकवला. उरलेली पोळी सरकवावी, तितक्या सहज. दादांनी भाकरी खाल्ली, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले. मग स्वतःची बारकीही घेतली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. रोजचंच काम असावं तसं.

ताक आणायचं राहिलं. मी मागे वळले.

दादांसमोर मी डोक्यावर पदर घेऊन, बाजूला तोंड करून बोलायची. लग्नापासून तीच पद्धत. त्या संध्याकाळीही पदर डोक्यावर होता, तोंडही भिंतीकडेच होतं, पण आवाज मात्र शेजारच्या तीन घरांना गेला असेल. "हे कवापासनं चाललंय? त्यांच्या किडन्या सडायल्या, तुमचा इषाणू वाढायला, अन् तुमी वाटण्या करायलात?"

हे खाली बघत म्हणाले, "एक दिवसाआड देतो. रोज न्हाई. दादाला एक बारीक गोळी अन् म्या दोन खाव्या? घास उतरंना मला."

"डॉक्टरनं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. पर डॉक्टरला भाऊ असंल का न्हाई कुणाला ठावं."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला बोलू नगंस. म्याच म्हणलं होतं. मधला गेला. आता ह्या दोघांत एकाला जास्त अन् एकाला कमी... माझ्या जिवाला ते सोसंना."

 दादांनी ताटात हात धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, म्या मागितली न्हाई. पर तो देतो म्हणला, तवा नगं बी म्हणलो न्हाई. मधल्याला मरताना बघितलं म्या. मला भेव वाटत होतं. मोठ्या गोळीनं वाचंन असं वाटलं." ते उठले. "म्या लेकराच्या तोंडचं खाल्लं."

त्यांना मी किती बोलले असते! पण एवढा मोठा, रापलेला माणूस भेव वाटतं असं म्हणाला, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मलाही तर दुसरं काय वाटत होतं? ह्या घरात सगळ्यांनाच भीती होती. फक्त प्रत्येकानं ती आपापल्या कोपऱ्यात ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, की निदान औषध हरलेलं नाही, एवढं तरी कळलं. दादांची मोठी गोळी थांबली की किडनी सावरेल. ह्यांनी दोन्ही गोळ्या रोज घेतल्या तर विषाणू खाली येईल, अशी आशा आहे. मग दोघांकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आता एक दिवस चुकवायचा नाही. आणि बंद तर कुणीच, कधीच करायची नाही. ही गोळी मध्येच सोडली की दबून बसलेला विषाणू उसळतो. लिव्हर एका झटक्यात जाऊ शकतं. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले.

"कळलं बाई," दादाही म्हणाले.

त्यानंतर घरातली वाटणी बदलली. ह्यांच्या गोळ्या माझ्या ताब्यात. मोठी गोळी मी ह्यांच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि तोंड उघडून दाखवा म्हणायची. "जीभ वर करा," मी म्हणायची. हे करायचे. वर्गात मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखं तोंड व्हायचं ह्यांचं. दादांनी आपल्या गोळ्या आपल्याजवळ ठेवल्या. "आता मिसळामिसळ नगं," म्हणाले. जेवायलाही ते ओट्यावर वेगळे बसायला लागले. सासूबाई रोज म्हणायच्या, आत ये, धाकट्याजवळ बस. ते यायचे नाहीत. आम्ही समजलो, मनाला लागलंय. दिवस गेले की निवळेल.

तो हिवाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. नवरीच्या आया पिवळ्या साड्या घेऊन यायच्या आणि कुणी हळदी शेड मागितली की मी कापड न बघताच तिच्यापुढं टाकायची. ह्यांना जरा थकवा आला, ताप आला, भाकरी कमी खाल्ली, की मी मनात सगळं दहाव्यापर्यंत नेऊन ठेवायची. कुणाला सांगणार? बाजारात हा आजार कळला असता, तर ह्यांच्या दुकानातला चहाचा कपसुद्धा कुणी उचलला नसता. मी देवाला काही मागितलं नाही. मला देवाचा राग आला होता. रोज संध्याकाळी ह्यांचं उघडं तोंड बघायचं आणि रोज सकाळी डोळा बघायचा, एवढंच मी केलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ह्यांनी पुन्हा रक्त दिलं. दादा आले नाहीत, शेतात काम आहे, पुढच्या खेपेला देतो म्हणाले. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी दुकानात होते, समोर एक बाई अस्तर निवडत होती. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. रक्तात विषाणू आढळला नाही, असं लिहिलेलं होतं. लिव्हरमधून तो जात नाही, बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, गोळ्या चालूच ठेवाव्या लागणार. पण रक्तात नव्हता. मी दुकान त्या गिऱ्हाईक बाईवर सोडून पळाले. हे जळक्या तारा काढत बसले होते. मी मोबाइल ह्यांच्या नाकापुढं धरला. भर बाजारात ह्यांनी माझा हात धरला आणि रडायला लागले. मीही रडले.

पेढे घेऊन आम्ही घरी आलो. दादा दुपारचे शेतात असतात. त्या दिवशी अंगणातल्या बाजेवर पडून होते. गेले काही दिवस ते असेच थकलेले होते. उन्हाचं होतंय, म्हणायचे. हे ओरडतच गेले, "दादा, रिपोर्ट आला! रक्तात न्हाई आता!"

दादा उठून बसले. त्यांनी हात जोडून डोंगरावरच्या देवीच्या दिशेनं मस्तक झुकवलं. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हणाले, "पाणी आण रे. आता घेतो."

हे हसत म्हणाले, "आत्ता कावून? ती जेवल्यावर घ्यायची."

"लई दिवस झाले घेतली न्हाई," दादा म्हणाले. "देवीला बोललो होतो. धाकट्याचं रक्त साफ होईस्तोवर माजी गोळी बंद."

आमच्या भागात माणसं नवसाला काहीही सोडतात. कुणी पायातलं सोडतं, कुणी चहा, कुणी अन्नातलं मीठ. काम झालं की देवीपुढं जाऊन पुन्हा सुरू करतात. मला हे माहीत होतं. पण माझ्या डोक्यात काही शिरेना. मी बाजेजवळ गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादांच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. भर दुपारचं ऊन त्यांच्या तोंडावर होतं. डोळे पिवळे होते. फिकट लिंबू नाही, चांगली गडद मोहरी. रोज सकाळी मी एका भावाचे डोळे बघत होते, आणि दुसरा पदराच्या पलीकडे पिवळा पडत गेला होता. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसलं नसतं. ह्यांना दिसलं असतं, पण दादा उजाडायच्या आत निघायचे आणि अंधारात परतायचे.

"बाईनं सांगितलं होतं ना दादा," मी म्हणाले.  "बंद केली तर लिव्हर जाईल म्हणून. तुमी कळलं म्हणला होता."

"कळलंच होतं की."

"मग?"

ते माझ्याकडे बघून समजुतीनं बोलले, नव्यानं शेतावर आलेल्या माणसाला सांगावं तसं. "चहा सोडला असता तर देवीनं माझं कशाला ऐकलं असतं, बाई? म्या त्याच्या तोंडची गोळी खाल्ली होती. मग माजीच सोडावी लागंल का न्हाई?"

ह्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, की गोळी आत्ताच्या आत्ता द्या आणि असतील तसे घेऊन या, एक मिनिट घालवू नका. दादांनी गोळी घेतली. न सांगता तोंड उघडलं, जीभ वर करून मला दाखवली आणि हसले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "काय झालं? रिपोर्ट चांगला आला ना?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. 

ओळखीच्याची जीप घेतली. मांजरसुंब्यापर्यंत दादा बोलत होते, बीडच्या पुढं त्यांना झोप यायला लागली. मी सारखी हाक मारत होते. हाक मारली की ते हं म्हणायचे, कधी उशिरा म्हणायचे. एकदा त्यांनी मला मधल्या भावाच्या नावानं हाक मारली.  मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दादांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते. 

शहागडला गोदावरीचा पूल लागला. जीपवाल्यानं सवयीनं एक हात छातीशी नेऊन नदीला नमस्कार केला. ह्यांनीही दादांच्या कपाळावरचा हात काढला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

मी ह्यांच्या तोंडावर हात दाबला. जीवाच्या आकांतानं दाबला. "काय बोललात? काय सोडलंत? आत्ताच्या आत्ता सांगा मला, काय सोडलंत?"

ह्यांनी माझा हात बाजूला केला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. संभाजीनगर येईपर्यंत मी विचारत राहिले.